पवळ्याला ढवळ्याशेजारी बांधलं कुणी?

पीएच.डी.चा आराखडा लिहिणाऱ्या वाचकांच्या मेलमध्ये या वर्षी एक विषय मला पुन्हा पुन्हा दिसला: ‘गुन्हेगारांमधील आत्मनियंत्रण, मित्रप्रभाव आणि अमली पदार्थांचे सेवन: एक अभ्यास’. कधी जिल्हा वेगळा, कधी ‘गुन्हेगार’च्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालके’. हा विषय इतका लाडका का, हे कळायला फार विचार करावा लागत नाही. तिन्ही गोष्टी मोजायला तयार प्रश्नावल्या मिळतात. कारागृहाची किंवा निरीक्षणगृहाची परवानगी मिळाली की दोन-तीनशे माणसं एकाच जागी सापडतात. आणि शेवटी रिग्रेशनच्या तक्त्यात दोन-चार आकड्यांपुढे चांदण्या येतातच. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. या विषयात मात्र आडात काही नसलं तरी पोहरा भरून येतो.

आज मला याच पद्धतीच्या संशोधनाबद्दल लिहायचं आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाबद्दल नाही, तर ज्या नामांकित कामांच्या आधारावर आपण हे आराखडे बेततो त्यांच्याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं: गुन्ह्यासाठी पकडलेली माणसं गोळा करून, त्यांनाच त्यांच्या स्वभावाबद्दल, त्यांच्या मित्रांबद्दल आणि त्यांच्या नशेबद्दल विचारलं, तर ‘स्वभाव की संगत’ या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दोनशेऐवजी दोन हजार लोक घेतले तरी मिळत नाही. पण उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी ‘आत्मनियंत्रण’ हा शब्द या क्षेत्रात कुठून आला ते बघू. १९९० साली मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हर्शी यांचं ‘अ जनरल थिअरी ऑफ क्राइम’ हे पुस्तक आलं. त्यांचा दावा मोठा होता. चोरी, मारामारी, दारू, ड्रग्ज, बेफाम गाडी चालवणं, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आत्ताचा मोह आवरता न येणं. ही क्षमता लहानपणी, साधारण आठ-दहा वर्षांपर्यंत, घरातल्या देखरेखीतून घडते आणि पुढे माणसामाणसांतला हा फरक बराचसा तसाच राहतो, असं ते म्हणतात. मग संगतीचं काय? त्यांचं उत्तर असं की ज्यांना स्वतःला आवर घालता येत नाही तेच एकमेकांना शोधतात. संगतीने माणूस बिघडत नाही, बिघडलेले एकत्र येतात.

१९९३ मध्ये हॅरल्ड ग्रास्मिक आणि सहकाऱ्यांनी यासाठी २४ विधानांची मोजपट्टी काढली. सहा पैलू, प्रत्येकी चार विधानं: उतावळेपणा, सोप्या कामांची ओढ, धोक्याची आवड, बसून विचार करण्यापेक्षा अंगमेहनतीच्या हालचालीची आवड, आत्मकेंद्रीपणा, राग. तुमच्या आराखड्यात जी प्रश्नावली असते ती बहुतेक वेळा हीच, किंवा हिचं भाषांतर. गंमत म्हणजे खुद्द हर्शी आणि गॉटफ्रेडसन यांना ती फारशी पटली नव्हती. माणसाला त्याच्या स्वभावाबद्दल विचारण्यापेक्षा त्याचं वागणं बघा, असा त्यांचा आग्रह होता. पण वागणं म्हणजे काय काय? त्यात दारू-सिगारेटही येते. म्हणजे नशा करणं हा आत्मनियंत्रण कमी असल्याचा पुरावा, आणि आत्मनियंत्रण कमी असणं हे नशेचं कारण. रोनाल्ड एकर्स यांनी १९९१ मध्येच या चक्राकार युक्तिवादावर बोट ठेवलं होतं. त्यावर मूळ लेखकांचं उत्तर असं होतं की असा आरोप होणं ही सिद्धांताची स्तुतीच आहे. मला ते उत्तर हजरजबाबी वाटतं, पटत नाही.

प्रश्नावली वापरली तर हे चक्र तुटतं, हे मान्य. पण दुसरी एक अडचण उभी राहते, जिच्याबद्दल आपल्याकडचे मार्गदर्शक सहसा बोलत नाहीत. ॲलेक्स पिकेरो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की माणूस प्रश्नावलीला उत्तरं कशी देतो यावरच त्याच्या आत्मनियंत्रणाचा परिणाम होतो. विचार करा: २४ विधानं, त्यानंतर मित्रांबद्दलची विधानं, त्यानंतर नशेबद्दलची. ज्याला बसून विचार करायचा कंटाळा आहे, हे तुमची पहिली प्रश्नावली सांगते, तोच माणूस तुमची तिसरी प्रश्नावली शांतपणे वाचून भरेल असं आपण धरून चालतो.

तरीही या सिद्धांताला फेकून देता येत नाही. ट्रॅव्हिस प्रॅट आणि फ्रान्सिस कलन यांनी २००० साली तोवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात आत्मनियंत्रण हा गुन्ह्याशी जोडलेल्या सर्वांत ठळक घटकांपैकी एक ठरला. पण त्याच विश्लेषणात संगतीशी आणि शिकण्याशी जोडलेले घटकही टिकून राहिले. म्हणजे ‘संगत हा नुसता आभास’ हा दावा तिथेच अडखळला. आणखी एक गोष्ट त्यात होती, जी उद्धृत करणारे गाळतात: एकाच वेळी सगळं मोजणाऱ्या अभ्यासांच्या तुलनेत, माणसांचा काळाच्या ओघात माग काढणाऱ्या अभ्यासांत आत्मनियंत्रणाचा परिणाम फिका पडत होता. तुमच्या संदर्भयादीत हा लेख असेलच. तो वाक्य असं असं म्हणतो म्हणून नव्हे, तर आकडे कोणत्या प्रकारच्या अभ्यासातून आलेत ते बघत एकदा पुन्हा वाचा.

आता नमुन्याकडे वळू. या विषयातला माझा मुख्य आक्षेप इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा, तुम्ही फक्त जेआरएफ मिळालेल्यांची यादी घेतलीत. जेआरएफ मिळवायला दोन गोष्टी उपयोगी पडतात असं मानू: चांगलं कॉलेज आणि रात्रंदिवस अभ्यास. सगळ्या परीक्षार्थींमध्ये या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असंही मानू. आता यादीतल्या लोकांकडे बघा. ज्याचं कॉलेज सुमार होतं तो यादीत आलाय म्हणजे त्याने बहुधा घाम गाळलाय. ज्याने फारसा घाम गाळला नाही तो आलाय म्हणजे बहुधा त्याचं कॉलेज चांगलं होतं. त्यामुळे यादीपुरतं बघितलं तर ‘चांगल्या कॉलेजची मुलं कमी अभ्यास करतात’ असा संबंध दिसेल. जगात तो नाही. आपण यादी कशी केली त्यातून तो तयार झाला.

कारागृह ही अशीच एक यादी आहे. तिथे पोहोचायला काय काय लागतं? उतावळा स्वभाव असू शकतो. वाईट संगत असू शकते. नशा असू शकते, कारण नशेत माणूस पकडला जाण्याची शक्यता वाढते. आणि ज्याबद्दल प्रश्नावलीत एकही प्रश्न नसतो तेही असू शकतं: वस्तीत पोलिसांची गस्त किती, वकील परवडतो का, जामिनाची रक्कम भरायला कुणी आहे का. ज्याचं आत्मनियंत्रण चांगलं आहे आणि तरी तो आत आहे, तो बहुधा या इतर कारणांनी आलाय. म्हणजे आतल्या माणसांमध्ये आत्मनियंत्रण, संगत आणि नशा यांचे एकमेकांशी असलेले संबंध बाहेरच्यापेक्षा वाकडे झालेले असणार. किती आणि कोणत्या दिशेला, ते आतल्याच लोकांकडून कळण्याची सोय नाही. रिग्रेशनमध्ये वय, शिक्षण, उत्पन्न ‘नियंत्रित’ केलं की हे सुटतं असा समज आहे. सुटत नाही.

शिवाय मोजपट्टीचा पट्टाही आखूड होतो. मुळात उतावळ्यांचीच गर्दी असेल, तर उतावळेपणातला फरक कमी, आणि फरकच कमी असला की त्याचा परिणामही कमी दिसतो. मग प्रबंधात निष्कर्ष येतो: ‘आत्मनियंत्रणापेक्षा मित्रप्रभाव अधिक महत्त्वाचा’. अहो, शर्यतीत एकाचे पाय बांधून ठेवले होते, तर दुसरा जिंकणारच की.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालाप्रमाणे देशातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. तेव्हा कारागृहात जाऊन सरसकट नमुना घेतलात, तर शीर्षकातला ‘गुन्हेगार’ हा शब्द चारांपैकी तिघांना लागूच होत नाही. हा शब्दच्छल नाही. तुमचा सगळा सिद्धांत ‘गुन्हा करणाऱ्या माणसा’बद्दल आहे आणि तुमचा नमुना ‘अटक झालेल्या माणसां’चा आहे.

तसंच नशेचं. एन.डी.पी.एस. कायद्याच्या (१९८५) कलम २७ प्रमाणे अमली पदार्थाचं नुसतं सेवन हाच गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या नमुन्यातल्या काही जणांच्या बाबतीत ज्याचं स्पष्टीकरण द्यायचं ती गोष्ट आणि ज्यामुळे ते नमुन्यात आले ती गोष्ट एकच आहे. अशांना इतरांत मिसळून ‘गुन्हेगारांमध्ये सेवनाचं प्रमाण जास्त आढळलं’ असं लिहिणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून ‘इथे आजारी लोक फार’ म्हणणं.

परदेशात हे भान कसं ठेवलं गेलं याचं एक चांगलं उदाहरण आहे: ‘पाथवेज टू डेझिस्टन्स’ हा अमेरिकेतला अभ्यास. फिलाडेल्फिया आणि फीनिक्स या दोन शहरांच्या परिसरातली, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली १३५४ मुलं-मुली. गुन्ह्याच्या वेळी वय १४ ते १७. त्यांचा सात वर्षं माग काढला: आधी दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. स्वतः त्यांच्या मुलाखती, ओळखीच्या माणसांकडून माहिती, शिवाय अधिकृत नोंदी. यात एक बारीकशी अट होती जी मला फार आवडते. फक्त अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेल्या मुलग्यांचं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंतच ठेवलं होतं, नाही तर नमुना त्यांनीच भरून गेला असता. पद्धतीच्या प्रकरणातली अशी एखादी ओळ वीस पानांच्या ‘साहित्य आढाव्या’पेक्षा जास्त काम करते.

या अभ्यासातून शेकडो लेख निघालेत. त्यातला एक आपल्या विषयाला थेट भिडतो. लॉरी चॅसिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यातल्या मुलग्यांबद्दल उलटा प्रश्न विचारला: आत्मनियंत्रण कमी म्हणून नशा, की नशेमुळे आत्मनियंत्रण वाढायचं राहून जातं? पंधरा ते एकविसाव्या वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा आवेग आवरण्याचा, जबाबदारी घेण्याचा समजूतदारपणा वाढत जातो. दारू आणि गांजा जास्त घेणाऱ्यांमध्ये ही वाढ मंदावलेली दिसली. म्हणजे तुम्ही ज्याला ‘कारण’ म्हणून डावीकडे लिहिलंय ते निदान काही अंशी उजवीकडेही असायला हवं. एका दिवसात भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून बाण कोणत्या बाजूला जातो हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही, मग पडद्यावर बाणांची आकृती कितीही देखणी काढा.

अर्थात ‘पाथवेज’लाही निवडीचा तो सापळा चुकलेला नाही. नमुना सगळा आतल्यांचाच आहे. त्यातून ‘गुन्हा करणारी मुलं पुढे कशी बदलतात’ हे कळतं. ‘मुलं गुन्ह्याकडे का वळतात’ हे नाही. अभ्यासाच्या नावातच ते आहे, कारण ‘डेझिस्टन्स’ म्हणजे गुन्ह्यापासून दूर होणं. पण उद्धृत करणारे हा फरक विसरतात आणि तिथलं वाक्य उचलून पहिल्या प्रकरणात ‘कारणे’ या मथळ्याखाली टाकतात. मुळाशी जायचं असेल तर न्यूझीलंडमधल्या ड्युनिडिनसारखा अभ्यास लागतो. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचं आत्मनियंत्रण आयुष्याच्या पहिल्या दशकात मोजलं. तेव्हा कोण गुन्हेगार होणार, कोण व्यसनी होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं की बत्तिसाव्या वर्षापर्यंतचं आरोग्य, पैसा, व्यसन आणि गुन्ह्याची शिक्षा यांचा या बालपणीच्या मापाशी पायरीपायरीने संबंध आहे. आणि त्यांनी हेही मांडलं की हा संबंध काही प्रमाणात किशोरवयातल्या ‘अडकण्यां’मधून जातो: लवकर सिगारेट धरणं, शाळा सोडणं, नको त्या वयात मूल होणं.

आता संगत.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ मित्रप्रभावावरच्या मराठी प्रबंधांत ही म्हण हमखास असते, आणि ती वाचली की माझ्या मनात एकच प्रश्न येतो: बांधला कुणी? म्हणीत तो शेतकऱ्याने बांधला. पवळ्याने जागा निवडली नाही. म्हणून तर गुण लागला असं छातीठोक म्हणता येतं! माणसांच्या दुनियेत पवळ्या स्वतः चालत जाऊन ढवळ्याशेजारी बसतो. डेनिस कांडेल यांनी १९७८ मध्ये शाळकरी मित्रांच्या जोड्यांचा वर्षभर माग काढला. मित्रांमधलं सारखेपण निम्मं-निम्मं दोन्हीकडून येतं असं त्यांना दिसलं: सारखे असतात म्हणून मित्र होतात, आणि मित्र असतात म्हणून सारखे होत जातात. एकदाच मोजलं तर हे दोन वेगळे करता येत नाहीत.

त्यात भर म्हणजे ‘तुझे किती मित्र नशा करतात?’ हा प्रश्न आपण त्या मुलालाच विचारतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी मित्रांकडे बघतो. स्वतः करतो तेच त्याला सगळीकडे दिसतं. रायन मेल्ड्रम, जेकब यंग आणि फ्रँक वीरमान यांनी २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांच्या माहितीवर ही तुलना केली. एकीकडे मुलाने मित्रांबद्दल सांगितलेलं, दुसरीकडे त्या मित्रांनी स्वतःबद्दल सांगितलेलं. दुसरं माप घेतलं की संगतीचा परिणाम बराच आक्रसला आणि आत्मनियंत्रणाचा वाढला. म्हणजे शर्यत कोण जिंकणार हे मित्रांची माहिती कुणाकडून घेतली यावर ठरत होतं. माणसं तीच, देश तोच. हा लेख वाचून झाल्यावर जुन्या प्रबंधांतले ‘मित्रप्रभाव सर्वांत प्रबळ घटक’ असे निष्कर्ष मी तरी पेन्सिलने कंसात टाकते.

मग संगतीचा खरा परिणाम कधी कळेल? जिथे खरोखरच कुणीतरी बांधलंय तिथे. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोल्या चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात तेव्हा. अशा अमेरिकी विद्यार्थ्यांवर ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काम केलं. जी मुलं शाळेतच बेसुमार पीत होती, त्यांना तसाच खोलीसोबती मिळाला तर त्यांचं पिणं खूप वाढलं. जी पीत नव्हती त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही, मुलींमध्ये दिसला नाही, गांजाच्या बाबतीतही दिसला नाही. म्हणजे गुण लागतो, पण सगळ्यांना नाही आणि सगळाच नाही.

गुन्हेगारांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारणारा लेख या सगळ्या ढिगात मला सर्वांत उजवा वाटतो. पॅट्रिक बायर, रँडी याल्मारसन आणि डेव्हिड पोझन यांचा, २००९ चा. त्यांनी एकही स्वभावप्रश्नावली वापरलेली नाही. फ्लोरिडा राज्यातल्या १६९ बालसुधार केंद्रांतून दोन वर्षांत सुटलेल्या आठ हजारांहून जास्त मुलांच्या सरकारी नोंदी घेतल्या. एकाच केंद्रात मार्चमध्ये असलेल्या मुलाला जे सोबती मिळाले ते सप्टेंबरमधल्या मुलाला मिळाले नाहीत, कारण मुलं येत-जात राहतात. केंद्र तेच, भिंती त्याच, फक्त शेजारी बदलले. आणि शेजारी निवडायची मुभा मुलाला नव्हती. इथे पवळ्याला बांधलंय, आणि बांधणारं आहे सरकार.

निष्कर्ष असा: घरफोडी, किरकोळ चोरी, अमली पदार्थांचे गुन्हे, गंभीर मारहाण अशा बऱ्याच प्रकारांत, ज्या मुलाचा त्या प्रकाराचा पूर्वानुभव होता त्याला तसेच सोबती मिळाले तर सुटल्यावर तोच गुन्हा पुन्हा करण्याची शक्यता वाढली. ज्याने पूर्वी तो प्रकार केलाच नव्हता त्याच्यावर तसा परिणाम जवळजवळ कुठेच दिसला नाही. म्हणजे चांगला मुलगा आत जाऊन ड्रग्ज शिकून येतो ही सिनेमातली गोष्ट खरी ठरली नाही. आधीच त्या वाटेवर असलेला मुलगा आत पक्का होतो ही ठरली. वसतिगृहातल्या दारूचा निकाल आठवा. दोन वेगळ्या जगांत एकच नक्षी आहे.

या लेखातही कमतरता आहे, ती सांगायला हवी. तिथे मोजलाय तो अमली पदार्थांचा गुन्हा, सेवन नव्हे. सुटलेला मुलगा रोज गांजा ओढत असेल आणि पकडला गेला नसेल, तर तो त्यांच्या तक्त्यात सुधारलेला आहे. शिवाय आत्मनियंत्रण त्यांनी मोजलंच नाही, त्यामुळे ‘पूर्वानुभव’ म्हणजे सवय, ओळखीपाळखी की स्वभाव, हे कळत नाही. पण त्यांनी एक प्रश्न घेतला आणि त्याचं उत्तर देता येईल अशी जागा शोधली. तीन प्रश्न घेऊन एकाचंही उत्तर न देण्यापेक्षा हे मला लाख पटीने बरं वाटतं.

तुम्ही म्हणाल, पद्धतीचा एवढा कीस कशाला? प्रबंध कपाटातच जाणार आहे. नेहमी जात नाही. ‘आत्मनियंत्रण कमी आढळले’ या वाक्यापुढे ‘म्हणून आत्मनियंत्रणाचे प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस येते, आणि प्रशिक्षण म्हणजे मुलांचा गट बसवणं. थॉमस डिशियन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रांस्वा पूलँ यांचा १९९९ चा लेख यासाठी वाचाच. त्यात सांगितलेल्या एका प्रयोगात जोखमीतल्या साधारण बारा वर्षांच्या मुलांना गटात बसवून स्वतःला आवर घालण्याची कौशल्यं शिकवली होती. अभ्यासक्रम विचारपूर्वक केलेला, शिकवणारे तयारीचे. तीन वर्षांनी बघितलं तर गटात बसलेल्यांमध्ये तंबाखूचं सेवन, गटात न बसलेल्यांच्या तुलनेत, वाढलेलं होतं. आत्मनियंत्रणाचा वर्ग भरवला आणि त्याची संगत झाली. पुढे बार वाइस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गट-उपचारांच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन हा धोका फुगवून सांगितला जातोय असा आक्षेप घेतला, तोही वाचा. वाद मिटलेला नाही. पण निरीक्षणगृहातल्या वीस मुलांना एका खोलीत बसवायची शिफारस लिहिताना हा वाद आहे हे तरी लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

आणि ज्यांच्याकडून माहिती घेता त्यांचं काय? ‘तू नशा करतोस का?’ या प्रश्नाला कच्च्या कैद्याने ‘हो’ म्हणणं म्हणजे कलम २७ खाली येणारी कबुली एका अनोळखी माणसाच्या कागदावर देणं. ‘पाथवेज’मध्ये मुलांची उत्तरं कायदेशीर संरक्षणाखाली होती आणि तसं त्यांना सांगितलं जाई. तुमच्या संमतीपत्रावर ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ असं छापलेलं असतं. उद्या पोलिसांनी मागितली तर कशाच्या आधारावर नाकारणार, हे आपल्या नैतिकता समितीला विचारून बघा. समोर शिपाई उभा असताना भरलेली प्रश्नावली किती खरी, हा तर वेगळाच मुद्दा. मला वाटतं अशा परिस्थितीत ‘नाही’ म्हणणारा मुलगा उत्तम आत्मनियंत्रण दाखवतोय. तुमच्या तक्त्यात तो फक्त नशा न करणारा म्हणून दिसेल.

विषय सोडा असं मी म्हणत नाही. आकार बदला. मिशिगन विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या संग्रहात ‘पाथवेज’ची माहिती संशोधकांना मिळते, सात वर्षांची, मोजून ठेवलेली. तिच्यावर एक नेमका प्रश्न घेऊन काम करता येईल, उदाहरणार्थ नशा वाढली की पुढच्या सहा महिन्यांत मित्र बदलतात का, की आधी मित्र बदलतात. आपल्याच राज्यात काम करायचं असेल तर संगतीचा मुद्दा ‘कोण कुणाशेजारी ठेवलं जातं’ इथून धरा. निरीक्षणगृहात खोल्या कोण ठरवतं, कशाच्या आधारे, वय बघून की गुन्हा बघून की जागा रिकामी आहे म्हणून? याची नोंद ठेवतात का? मी शोधलं तेव्हा मला या साध्या प्रश्नावरचा एकही मराठी प्रबंध सापडला नाही. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही, कुणाला नशेची कबुली द्यावी लागत नाही. परवानगीचा अर्ज, हजेरीपुस्तकं आणि चिकाटी एवढं पुरतं. यावर कुणी आराखडा लिहिला तर पाठवा, मी वाचून सविस्तर कळवेन.